ओटमारने कबूल केलेली चूक

ओटमार श्वेगलर आमच्या एर्लेनहाइमच्या हँडबॉलच्या हॉलमध्ये बावीस वर्षं मैदानाला अगदी खेटून बसला आणि त्या बावीस वर्षांत त्याने एकही गोल धड पाहिला नाही. हे मी खात्रीने सांगते, कारण त्याच्या उजव्या हाताला मी बसायचे. त्याच्याकडे घड्याळ आणि भोंग्याचं बटण, माझ्याकडे कागद आणि पेन्सिल. कोणी गोल केला, कोणाला दोन मिनिटं बाहेर बसवलं, ते मी लिहायचं. भोवती अठराशे माणसं ढोल बडवत, घसा फाडून ओरडत असायची आणि हा पठ्ठ्या पंचांच्या आणि प्रशिक्षकांच्या हातांकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसलेला. हॉल दणाणला की मान न वळवता विचारायचा, "कोणी टाकला?"

"यॉर्गने. डाव्या कोपऱ्यातून."

"बरं."

"एकदा तरी बघ की रे! पोरगं अर्धं हवेत आडवं झालं होतं."

"गोल बघायला अठराशे जण आहेत, हेडे. हात बघायला मी एकटाच आहे."

माझं नाव हेडविग, पण हेडे म्हणणारे आता फारसे उरले नाहीत. मी मोज्यांच्या कारखान्यात माल रवाना करणाऱ्या विभागात होते आणि शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये. गावात थट्टा चालायची की ओटमारला दोन बायका आहेत, एक घरची आणि एक टेबलावरची. घरची बायको लोरे, टेबलामागे तिसऱ्या रांगेत कॉफीचा थर्मास घेऊन बसायची. ती म्हणायची, "टेबलावरची तूच राहा बाई. दोन तास तोंडातून शब्द न काढणारा नवरा मला घरी पुरे आहे." बोलायची सगळी हौस ती पंचांवर भागवून घ्यायची. "अहो काळा शर्ट! चष्मा घरी राहिला का? माझा देऊ?" पंचांना ते ऐकू जायचं. त्यांचे कान लाल व्हायचे आणि ओटमारचेही.

ओटमार पोटापाण्यासाठी वजनमाप निरीक्षक होता. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन तो खोऱ्यातल्या सगळ्या गावांतून फिरायचा. खाटकांचे काटे, बेकऱ्यांचे काटे, आठवडी बाजारातले बटाट्यांचे काटे, सगळे तपासायचा आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा. आमच्या क्लबचा अध्यक्ष ऑयगेन हा खाटीक. हॉलमध्ये मध्यंतराला विकले जाणारे लालभडक सॉसेज त्याच्याच दुकानातले. एका वर्षी ओटमारने त्याच्या काट्याला शिक्का नाकारला. चार ग्रॅमचा फरक होता.

"अरे, आपल्याच क्लबचा ना तू?" ऑयगेन भर दुकानात ओरडला. "मी तुझा अध्यक्ष आहे!"

"तू आहेस. पण काटा क्लबचा सभासद नाही, ऑयगेन," ओटमार म्हणाला आणि पेटी बंद करून निघाला. दुकानात रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी ही गोष्ट दुपारच्या जेवणाच्या आत गावभर केली. ऑयगेन महिनाभर फुगून बसला होता. पण त्याच शनिवारी त्याने टेबलावर ओटमारसाठी सॉसेज पाठवलं, नेहमीसारखं, मोहरीची चटणी वेगळी.

आमचं गाव नऊ हजार वस्तीचं. तो हॉल एकाहत्तर साली गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला. ओटमारने त्याची लाकडी जमीन घातली, गुडघे सोलून निघेपर्यंत. आणि अठ्ठ्याऐंशी साली आमची पोरं चढत चढत पहिल्या बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यांत वरच्या लीगमध्ये, पोचली. मोठमोठ्या शहरांचे संघ, जगज्जेते खेळाडू आमच्या त्या हॉलमध्ये यायचे, बुटका दरवाजा बघून वाकायचे आणि हसायचे. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचं हसू जायचं. आमच्याकडे प्रेक्षक इतके जवळ बसतात की कोपऱ्यातून झेप घेणाऱ्या खेळाडूला आजीबाईच्या थर्मासचा वास यावा.

आणि राळ! चेंडू बोटांना चिकटावा म्हणून पोरं हाताला राळ फासायची. ती दरवाज्यांच्या मुठींना लागायची, बाकांना लागायची, माझ्या कागदाला लागायची. मी घरी गेल्यावर नवरा, होता तेव्हा, म्हणायचा, "आलीस का देवदारांच्या रानातून?" आज मला कोणी विचारलं की तुझं तारुण्य कसं होतं, तर मी सांगेन की चिकट होतं. मला त्या वासाची अजून आठवण येते आणि आली की बोलायला कोणी नसतं याचा रागही येतो.

आता त्या दिवसाचं सांगते. सत्त्याण्णव सालचा मे महिना, हंगामाचा शेवटचा सामना. उत्तरेचा, समुद्राकाठचा संघ आला होता. आम्हाला जिंकायची गरज नव्हती. बरोबरी झाली असती तरी आम्ही पहिल्या लीगमध्ये राहणार होतो. हरलो तर खाली. एवढं सोपं होतं आणि म्हणूनच सकाळपासून गावात कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

बावीस विरुद्ध तेवीस. आम्ही एका गोलने मागे. अकरा सेकंद उरलेले, चेंडू आमच्याकडे.

तेव्हा हिरवं कार्ड येऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. प्रशिक्षकाला खेळ मिनिटभर थांबवायचा असला की त्याने ते कार्ड वेळ पाहणाऱ्यासमोर टेबलावर ठेवायचं. कार्ड टेबलाला लागलं की घड्याळ थांबलं पाहिजे आणि भोंगा वाजला पाहिजे. विचार करायला जागा नाही. आमचा प्रशिक्षक रोलांड काइपर, गावचाच मुलगा, लहानपणी ओटमारच्या हाताखाली चेंडू पकडायला शिकलेला. तो कार्ड घेऊन आला आणि त्याने ते टेबलावर ठेवलं.

नेमकं त्याच क्षणी यॉर्गला बचावात फट दिसली. रोलांडलाही दिसली. त्याने कार्ड झटकन मागे ओढलं. पण कार्ड लागलं होतं. माझ्या कागदापासून वीतभर अंतरावर, खालची कड पुरती टेबलाला टेकली होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि ओटमारचं बोट ओटमारचं होतं. भोंगा वाजला. त्यानंतर अर्ध्या सेकंदाने चेंडू जाळ्यात गेला.

पंचांनी हात हलवून गोल रद्द केला. मिनिटभर थांबून उरलेल्या सेकंदांसाठी खेळ पुन्हा सुरू झाला. यॉर्गने मारलेला चेंडू गोलरक्षकाच्या गुडघ्यावर आपटला आणि संपलं.

"मी ठेवलंच नव्हतं!" रोलांड टेबलासमोर उभा राहून किंचाळत होता. "हातातच होतं माझ्या! हातातच होतं!" हॉलभर ऐकू गेलं ते. माणूस रागाच्या भरात बोलतो, मी त्याला त्याबद्दल दोष देत नाही. मागाहून मात्र त्याला ते शब्द परत घेता आले नाहीत.

ओटमारने बटणावरचं बोट उचललं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी गोल टाकला हे न विचारता वेगळं काही विचारलं. "लागलं होतं ना, हेडे?"

"लागलं होतं."

"बरं," तो म्हणाला. मागे तिसऱ्या रांगेत लोरे तोंडावर रुमाल धरून रडत होती. गावात किती जण रडत होते ते मोजत बसायला मला वेळ नव्हता. मीही त्यातलीच होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चच्या घंटा वाजून गेल्यावर ऑयगेनने आम्हाला क्लबच्या खोलीत बोलावलं. तो, रोलांड, ओटमार आणि मी. सोमवारी दुपारपर्यंत लीगच्या लवादाकडे तक्रार पाठवता येत होती. वेळ पाहणाऱ्याने लेखी दिलं की कार्ड टेबलाला लागण्याआधी मी बटण दाबलं, तर ती त्याची चूक ठरणार आणि सामना नव्याने खेळवला जाणार.

"ओटमार," ऑयगेन गोड आवाजात म्हणाला, "तू माणूस आहेस. माणसाच्या हातून चूक होते."

"होते. काल झाली नाही."

"पण समज झाली असती तर?"

"तर कालच सांगितलं असतं."

"हे बघ. दुसऱ्या कोणी असं लिहून दिलं तर लवाद हसेल. यजमान क्लबचाच माणूस, क्लबच्याच फायद्याची चूक कबूल करतोय! पण तू? या खोऱ्यात तुझ्या शब्दावर काटे चालतात, बाबा. तुझ्यावर शंका घेणारा अजून जन्मायचाय."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे जन्मभर खरं बोलला म्हणून आता खोटं बोलायला याच्याइतका लायक माणूस नाही, असंच ना?"

"हेडविग, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच बसते. बावीस वर्षं."

ओटमारने आमच्याकडे लक्षच दिलं नाही. तो रोलांडकडे बघत होता, त्याच्या हातांकडे. "रोलांड, तू सांग. लागलं होतं की नाही?"

रोलांडने मान खाली घातली. मग म्हणाला, "लागलं होतं, ओटमारकाका." आणि लगेच, "पण हे मी बाहेर जाऊन बोललो तर या गावात मला तोंड दाखवता येणार नाही. पोरांना शाळेत काय काय ऐकावं लागेल. मला एवढं बळ नाही, काका."

चाळीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस असा बोलला. ओटमारने टोपी घातली आणि तो बाहेर पडला. खिडकीतून मला दिसला. घराकडे न जाता तो हॉलकडे गेला, तिथली पाठीमागची पायरी झाडायची त्या आठवड्याची पाळी त्याची होती आणि ती राहून गेली होती, ती झाडली आणि मग घरी गेला. आमच्याकडे माणसाला काही सुचेनासं झालं की तो झाडतो.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी तो माझ्या दारात आला. मी मसूर आणि शेवया वाढून घेतल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"लोरेला सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"की मी लवकर दाबलं."

"आणि ती?"

"तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, जाऊ दे, होतं असं. पस्तीस वर्षं माझ्यासोबत राहिलीय ती, हेडे. तिने विश्वास ठेवला तर लवादही ठेवेल."

"तू बायकोवर रंगीत तालीम केलीस?"

"हो," तो म्हणाला. त्याला लाज वाटत होती, हे मला त्याच्या कानांवरून कळलं.

मी त्याला नाही नाही ते बोलले. तू वेडा आहेस, तू या गावाचा नोकर नाहीस, तुझी खुर्ची जाईल, तुझं नाव जाईल. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "रोलांडला इथून जावं लागेल. मोठी पोरं दुसरीकडे खेळायला जातील. मग हॉलमध्ये शनिवारी काय होणार, सांग. ती जमीन मी घातलीय."

"आणि आपल्याऐवजी दुसरं कोणी खाली जाईल, त्याचं काय?"

त्याला फक्त माझ्याकडून एक ओळ हवी होती: माझं लक्ष त्या क्षणी कागदावर होतं, कार्ड मी पाहिलं नाही. मी ती लिहिली. आता म्हातारपणी मी दुसऱ्यांना नावं ठेवत बसले तरी ती ओळ माझ्याच अक्षरात आहे, हे मी विसरलेले नाही.

लवादापुढे मीही होते. तिघेजण, मधला वकील, चांगला म्हातारा माणूस.

"श्वेगलरसाहेब, बावीस वर्षांत अशी चूक किती वेळा झाली?"

"एकदाही नाही."

"मग आताच कशी झाली?"

"कार्ड येणार हे मला माहीत होतं," ओटमार म्हणाला. "ते टेकेपर्यंत मी थांबलो नाही."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे येऊन सांगणं तुम्हाला सोपं गेलं नसणार," तो म्हणाला. आणि ते शब्द अगदी खरे होते, त्याला वाटत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त.

सामना पुन्हा खेळायचा ठरला. ओटमारचं टेबलावर बसायचं प्रमाणपत्र काढून घेतलं, कायमचं. पुन्हा झालेल्या सामन्यात आम्ही चार गोलांनी जिंकलो आणि वर राहिलो. आमच्या जागी फोगेल्सग्रुंड नावाचं गाव खाली गेलं, आमच्यासारखंच एक छोटं गाव. त्या रात्री गावाने बिअरने रस्ते धुतले.

शरद ऋतूत एका रविवारी ओटमार गाडी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चल, जाऊन येऊ." दीड तास गाडी चालवून आम्ही फोगेल्सग्रुंडला गेलो. दोन तिकिटं काढली आणि त्यांच्या अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये बसून दुसऱ्या लीगचा सामना बघितला. त्यांच्या एका बाईने आपल्या ताटलीतला केक आम्हाला दिला. परत येताना घाट उतरल्यावर त्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, "एक पारडं वर गेलं की दुसरं खाली जाणारच. मला काय ते ठाऊक नव्हतं?"

पण वरच्या लीगमधलं ते पुढचं वर्ष! आज आमच्या गावात पन्नाशीच्या पुढचा कोणीही माणूस भेटला की पाचव्या मिनिटाला त्या वर्षावर येतो. फेब्रुवारीत बर्फ पडत असताना आम्ही गतविजेत्यांना एका गोलने हरवलं. तिकीट न मिळालेले लोक खिडक्यांना नाक लावून बाहेर उभे होते, आणि आतल्यांच्या श्वासांनी काचा धुरकट झाल्यावर बाहेरच्या लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा लोरेने आपल्या स्कार्फने आतून काच पुसली. यॉर्गने त्या दिवशी अकरा गोल टाकले. शेवटचा भोंगा झाल्यावर अनोळखी माणसांनी माझे गाल चुंबले आणि त्यातला एक बराच देखणा होता. रोलांडला खांद्यावर घेऊन मिरवलं. तो वर बसून हसत होता, आणि मला दिसलं की त्याची नजर तिसऱ्या रांगेत जायची आणि तिथून लगेच फिरायची.

तिसऱ्या रांगेत लोरेच्या शेजारी ओटमार बसलेला असायचा. आयुष्यात पहिल्यांदा चेंडूकडे बघत. पहिल्याच सामन्याच्या मध्यंतरात तो धावत टेबलापाशी आला.

"अगं हेडे, किती उंच उडतात ही पोरं! हवेत थांबतात आणि मग ठरवतात! तू कधी सांगितलं नाहीस!"

"बावीस वर्षं सांगतेय, मेल्या!"

"असं नाही सांगितलंस," तो म्हणाला. एकोणसाठ वर्षांचा तो माणूस, कानापर्यंत हसत होता. मी त्याला एवढा आनंदी आधी पाहिला नव्हता. माझ्या शेजारी तेव्हा विम्याच्या कचेरीतला एक तरुण बसत होता. तो गोल अगदी मन लावून बघायचा, आणि बघता बघता खेळाडूंची अदलाबदल हमखास चुकवायचा.

गावाने ओटमारला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर प्रेमच होतं सगळ्यांचं. पण प्रेमाने केलेली थट्टा रोज ऐकावी लागली की तिचं ओझं होतं. कोणी हिरवा दिवा लागण्याआधी गाडी दामटली की लोक म्हणायचे, "यानं श्वेगलर केला." बेकरीत पाव कच्चा निघाला की, "भट्टीवर ओटमारला बसवलं होतं का?" लग्नानंतर सातव्या महिन्यात मूल झालं तरी तेच. तो सगळ्यांबरोबर हसायचा.

मला सहन झाली नाही ती एकच गोष्ट. निवृत्त होईपर्यंतची शेवटची चार वर्षं तो काटे तपासायला जायचा, तेव्हा ज्या खाटकांनी तीस वर्षं त्याच्यापुढे चकार शब्द काढला नव्हता ते आता म्हणायचे, "श्वेगलरसाहेब, पुन्हा एकदा वजन करून बघा ना. काय आहे, चूक तर तुमच्याही हातून होते." आणि तो पुन्हा पेटी उघडायचा, पितळी वजनं फडक्याने पुसायचा आणि पुन्हा वजन करायचा. पहिल्या वेळेला जे आलं तेच यायचं. मी एकदा ऑयगेनच्या दुकानात हे बघितलं. दुसरा एक खाटीक पाहुणा आला होता, तो बोलला. ऑयगेन काउंटरमागे मान खाली घालून सॉसेजमध्ये खिमा भरत होता.

बाहेर आल्यावर मी ओटमारला म्हटलं, "आता पुरे. आता सांग सगळ्यांना. सामना झाला, वर्ष झालं, आता कोणाचं काय जाणार आहे?"

"ते वर्ष परत घ्यायचं का त्यांच्याकडून?" तो म्हणाला. "बघ की, किती आनंदाने बोलतात त्यावर. मी सांगितलं तर ते चोरीचं ठरेल."

"ते चोरीचंच आहे."

"म्हणून तर," तो म्हणाला. "आणि हेडे, तू पण बोलायचं नाहीस. शब्द दे." मी दिला. रागाने दिला, पण दिला.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली आम्ही खाली गेलोच. मग आणखी खाली. आता गावाचा संघ चौथ्या श्रेणीत खेळतो, शनिवारी दीडशे माणसं येतात आणि त्यातली निम्मी खेळाडूंची नातेवाईक असतात. हॉलमध्ये राळ लावायला बंदी आहे, साफ करायला त्रास होतो म्हणे. ऑयगेन चार वर्षांपूर्वी गेला. जाताना त्याने ओटमारला बोलावून घेतलं होतं. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.

आणि या मार्चमध्ये ओटमार गेला. शहाऐंशी वर्षांचा होता. सकाळी उठून जिना झाडला, खुर्चीत बसला आणि गेला. दफनानंतर सगळे क्लबच्या खोलीत जमलो. बटाट्याची कोशिंबीर, वेणीसारखा गुंफलेला गोड पाव, कॉफी. थोड्या वेळाने वाइनच्या बाटल्या निघाल्या आणि माणसं सैल झाली. यॉर्ग आता टकला झालाय, पोट सुटलंय, पण उभा राहिला की अजून सगळे गप्प होतात. त्याने पेला उचलला.

"आमच्या ओटमारकाकांनी," तो म्हणाला, "या वेळीही जरा लवकरच बटण दाबलं."

सगळे हसले. डोळे पुसत, मनापासून हसले. लोरेही हसली. त्यात काही वाईट नव्हतं, हे मला समजत होतं, आणि तरी मला पेला फेकून मारावासा वाटला.

तेव्हा रोलांड उठला. सदुसष्ट वर्षांचा, काठी टेकत. "ते खरं नाही," तो म्हणाला. "ओटमारकाकांनी लवकर दाबलं नव्हतं. मी कार्ड ठेवलं होतं. ठेवलं आणि मागे घेतलं. चूक माझी होती. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतली. सत्तावीस वर्षं मी हे बोललो नाही."

मग यॉर्ग त्याच्याजवळ गेला आणि त्याला मिठी मारली. "शाबास, रोलांड," तो म्हणाला. "असा निरोप द्यावा माणसाने." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. मेलेल्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय."

"नाही, नाही, खरंच," रोलांड म्हणत होता. "अरे, मी खरं सांगतोय..."

"हो, हो. बस तू आता. वाइन घे."

मी उठले. आता दिलेल्या शब्दाला काय अर्थ होता? "मी शेजारी बसले होते," मी मोठ्याने म्हटलं. "वीतभर अंतरावर. कार्ड लागलं होतं. मी पाहिलं."

"पण हेडविगमावशी," यॉर्ग प्रेमाने म्हणाला, "तुम्ही तेव्हा लिहून दिलं होतं ना, तुमचं लक्ष कागदावर होतं म्हणून?" आणि त्याने माझाही पेला भरला. रोलांड खाली बसला आणि टेबलावर डोकं टेकून रडला. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, कारण तो इतका चांगला माणूस होता.

मी ताटल्या गोळा करून आत स्वयंपाकघरात गेले. तिथे उभं राहायला तरी जागा होती. नळ सोडला. मागे दार वाजलं आणि लोरे आत आली. तिने काळा स्कार्फ काढून खुंटीला अडकवला, फडकं घेतलं आणि मी धुतलेली ताटली पुसायला लागली. दोन-तीन ताटल्या झाल्या.

"हेडे," ती म्हणाली, "रोलांड बोलला ते खरं?"

"खरं."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं. तुला सांगायला त्याने मला मनाई केली होती."

ती ताटली पुसतच राहिली. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"त्या रविवारी त्याने मला सांगितलं की माझी चूक झाली," ती म्हणाली, "तेव्हा मी त्याला म्हटलं, मी तुला माफ केलं. आणि नंतर प्रत्येक वेळी. लोक हसले की मी टेबलाखाली त्याचा हात दाबायची. त्याच्या वाढदिवसाला यॉर्गने तो विनोद केला की घरी गेल्यावर म्हणायची, मनाला लावून घेऊ नकोस, मी कधीच माफ केलंय तुला. आणि तो म्हणायचा, आभारी आहे, लोरे."

तिने ताटली खाली ठेवली.

"सत्तावीस वर्षं मी त्याला माफ करत होते, हेडे. आणि तो मला करू देत होता."